आधी पाय, मग चाक

प्रिय रज्जाक,

सलाम. आणि हसू नकोस. बिबवेवाडीतला माणूस बिबवेवाडीतल्याच माणसाला, तेही दोन गल्ल्या पलीकडे, पत्र लिहितोय म्हटल्यावर तू म्हणणार, बज्याचं डोकं फिरलं. फिरू दे. डोक्याबद्दल पुढं बरंच बोलायचंय. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस. समोर येऊन बसावं तर भाभी चहा आणतात, कामरान येतो, आणि माझ्या घशातलं घशातच राहतं. या आठवड्यात दोनदा तुझ्या जिन्यापर्यंत येऊन माघारी फिरलो. दुसऱ्यांदा खालच्या किराणावाल्यानं काय देऊ विचारलं, तेव्हा तोंडाला येईल ते म्हणालो आणि हिंगाची डबी घेऊन घरी आलो. सत्यशीला म्हणाली, घरात हिंगाला तोटा आहे का, तुम्हाला झालंय तरी काय! बायकोला सांगता येईना, म्हणून तुला सांगायला बसलोय. माझं अक्षर तुला शाळेपासून लागत नाही, म्हणून हे कामरानकडून वाचून घे. मोठ्यानं वाचू दे. भाभींनाही बसव. म्हणूनच तुला माहीत असलेल्या गोष्टीही मी इथं लिहितोय, कंटाळू नकोस.

काल कामरान मार्केट यार्डात भेटला. मनगटाचं प्लास्टर निघालंय, पण पिशवी अजून डाव्या हातात धरतो. म्हणाला, काका, शुक्रवारी सासवडचा माणूस ट्रॅक्टर बघायला येतोय, अब्बांनी शब्द दिलाय. मी म्हटलं, अरे, चालता ट्रॅक्टर, आत्ता इंजिनाखालचं तेलाचं चेंबर नवीन बसवलंय, विकता कशाला? तर पोरगं मान खाली घालून म्हणालं, गाडीचं काही नाही काका, अब्बांचा स्वतःवरचा भरवसा गेलाय. रस्ता ओलांडताना माझा हात धरतात. गॅस बंद केला का म्हणून उठून उठून बघतात. रज्जाक, मी तिथंच कांद्याच्या गोणीवर बसलो. त्याला वाटलं मला चक्कर आली. पाणी आणायला धावला बिचारा.

तुझ्याइतका भित्रा ट्रॅक्टरवाला अख्ख्या पुण्यात नाही, असं मी चारचौघांत सांगत आलो आणि तू ते बक्षीस मिळाल्यासारखं मिरवत आलास. बाकीचे ट्रॅक्टरवाले येतात, पुरुषभर गवतात मागं जोडलेला गवत कापायचा स्लॅशर थेट घालतात आणि दुपारी तुटकी पाती घेऊन वेल्डिंगवाला शोधत हिंडतात. तुझं मात्र ठरलेलं. आधी पाय, मग चाक. आदल्या दिवशी हातात काठी घेऊन तू सगळं रान पायी तुडवणार, गवतात काठी खुपसत, शिव्या घालत. पुण्याच्या कडेच्या पडीक प्लॉटात काय नसतं? सळया, तारा, कुणाचा कमोड, कुणाचा सोफा, तोडलेल्या सुबाभळीचे भाल्यासारखे खुंट. जिथं जिथं काही लागेल तिथं गवताच्याही वर येईल एवढी बांबूची काठी आणि तिला लाल फडकं. दुसऱ्या दिवशी पहिला फेरा स्लॅशर गुडघ्याएवढा उचलून, जमिनीचा अंदाज घेत. मग दुसरा फेरा खाली. रेडिएटरला पुढून मच्छरदाणीची जाळी बांधायची आणि गवताच्या कुसळांनी ती भरली की इंजिन तापून काटा वर चढायच्या आत थांबून झटकायची. आणि तो तुझा लाडका बोल्ट! पाती कशात अडकली तर आधी तो तुटावा म्हणून मुद्दाम कच्चा घातलेला. एकदा मी शहाणपणा करून म्हणालो होतो, चांगला पक्का घाल की, सारखा कशाला बदलतोस. तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी पेट्रोलच्या टाकीत डोकावायला काडी ओढलीय. म्हणालास, बज्या, ज्यानं आधी तुटायचं त्यानं नाही तुटलं, तर पुढचं सगळं तुटतं. हे वाक्य महिनाभर माझ्या कानात वाजतंय.

आता आमचं रान. खडकवासल्याच्या अंगाला रस्त्यात जाऊन उरलेला तो तुकडा. गाव महापालिकेत गेलं, विहीर बुजली, आम्ही फ्लॅटात आलो, आणि रान घाणेरीनं खाल्लं. त्या रानात रस्त्याकडेला आमच्या जुन्या ऑइल इंजिनाचा सिमेंटचा कट्टा आहे. तो तू आणि तुझ्या अब्बांनी घातलेला. आपण तेव्हा विशीतले. एक बोल्ट वाकडा बसला म्हणून तुझ्या अब्बांनी तुला अख्खा कट्टा फोडून पुन्हा घालायला लावला होता. माझी आई, मथुराबाई, भाकरीचं टोपलं घेऊन बांधावर उभी राहून तुझ्या अब्बांवर ओरडत होती, अहो भाईजान, पोरगं उपाशी हाय, आधी खाऊ द्या, मग मारा! तू घास गिळत रडत होतास आणि मी हसत होतो. पुढं विजेची मोटर आली, इंजिन भंगारात गेलं. कट्टा राहिला, त्यातून वर आलेले चार बोल्ट राहिले. त्या रानातला दुसरा कुठलाही दगड तू विसरलास असं कुणी सांगितलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. तो कट्टा तू विसरशील?

दसरा झाल्यावर आमच्या पोरानं, रणजितनं, एक पार्टी शोधली. लग्नाच्या लॉनसाठी जागा भाड्यानं हवी होती. रविवारी सकाळी बघायला येणार होते, त्याआधी रान निदान माणसाला आत शिरता येईल इतकं साफ हवं. तू शनिवारी संध्याकाळी येऊन एकट्यानं सगळं तुडवलंस. रविवारी तुझ्या लेकीच्या, सुहानाच्या सासरची मंडळी तुझ्याकडे येणार होती, म्हणून ट्रॅक्टर कामराननं आणायचा आणि तू मागून बसनं यायचं ठरलं. कामरान वेळेवर आला. मागच्या अंगाची लाल फडकी त्याला दिसली. रस्त्याच्या कडेला एकही काठी नव्हती, म्हणजे तिकडे मोकळं आहे असं त्यानं धरलं. का नाही धरणार? बापानं तपासलेलं रान. तिकडूनच सुरुवात केली. पुढचं चाक कट्ट्यातल्या बोल्टावर फाटलं, ट्रॅक्टर कलला, खालून चेंबर कट्ट्यावर आदळून फुटलं आणि सगळं तेल मातीत गेलं. पात्याचा तुकडा स्लॅशरमागं लोंबणाऱ्या साखळ्यांच्या पडद्याला अडकला, नाहीतर रस्त्यावरच्या कुणाच्या तरी पायात घुसला असता. कच्चा बोल्ट तुटला आणि गिअरबॉक्स वाचला, तुझ्या नियमाप्रमाणे. कामरानचं मनगट स्टिअरिंगवर पिचलं. पोरगं उलट्या बाजूला फेकलं गेलं असतं तर थेट पात्यांखाली गेलं असतं.

तू आलास तेव्हा आधी पोराला पाहिलंस, मग गाडीकडे न जाता कट्ट्याभोवती वाकून वाकून फिरायला लागलास. कापलेलं गवत दोन्ही हातांनी बाजूला सारत होतास. काठीचं भोक शोधत होतास, मला कळत होतं. चाकांनी सगळी माती उकरून टाकली होती, तिथं भोक कुठलं सापडतंय! मग तू सरळ उभा राहिलास आणि मला विचारलंस, बज्या, मी इथं काठी लावली होती ना रे? तू सकाळी माझ्याआधी आला होतास, तू पाहिली असशील. आणि मी म्हणालो, मी काही पाहिली नाही.

त्यानंतर तू वाद घातला नाहीस. तू वाद घातला असतास तर बरं झालं असतं. तू नुसता म्हणालास, मग गेलं माझं डोकं. आणि खाली बसलास. मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, होतं रे असं, वय झालं आपलं. ऐकतोयस ना? हे मी म्हणालो. या हातानं खांदा थोपटत म्हणालो.

मग तो डॉक्टर. भाभींनी मला फोन केला, भाऊजी, तुम्ही सोबत जा, ते तुमचं ऐकतात. मी गेलो. स्वारगेटच्या पुढं त्या दवाखान्यात तुझ्या शेजारी बसलो. त्यानं तुला तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, आंबा, खुर्ची, नदी, मग घड्याळ काढायला लावलं, शंभरातून उलटं मोजायला लावलं. तू शाळेतल्यासारखा ताठ बसून सगळं केलंस. शेवटी तिन्ही शब्द धडाधड सांगितलेस आणि त्यालाच विचारलंस, डॉक्टर, आंबा लक्षात राहतो, खुर्ची लक्षात राहते, मग पोराच्या जिवावर बेतणारं कसं विसरलो? डॉक्टर म्हणाला, सुरुवात अशीच होते कधी कधी, मेंदूचा फोटो काढून बघू. मी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. परत येताना रिक्षात तू म्हणालास, मला अजून दिसतं रे बज्या, मी काठी ठोकतोय, फडकं बांधतोय, वाऱ्यानं ते तोंडावर येतंय. हे सगळं मनाचंच असेल तर आजवर जे आठवतंय त्यातलं खरं किती? मी रिक्षावाल्याला डावीकडे घे म्हणालो. वळायचं नव्हतंच. दोन चौक उगाच फिरून आलो.

कामरान, इथं थांबू नकोस. पुढं वाच, बाळा. मोठ्यानं वाच.

काठी होती, रज्जाक. तू लावली होतीस. बरोब्बर कट्ट्याच्या डोक्याशी, खोल ठोकून. ती मी उपटली.

त्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. गाडी लावतोय तोवर सकाळचे फिरायला जाणारे दोघं तिथं उभे. त्यातला माकडटोपीवाला मला म्हणतो, काय हो, नवीन दर्गा का? मी म्हटलं, काय? तेव्हा वर पाहिलं. तुझी लाल फडकी मागच्या रानातच संपली होती बहुतेक. शेवटच्या काठीला तू भाभींच्या शिवणातला तुकडा बांधला होतास, सुहानाच्या लग्नातल्या घागऱ्याचा असणार, पोपटी हिरवा साटीन, कडेला सोनेरी गोट्याची किनार. वाळल्या गवताच्या वर उंच काठीवर, रस्त्याच्या अगदी कडेला, उन्हात चमकत होता. दुसऱ्या माणसानं मोबाइल काढून फोटो घेतला. सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो म्हणाला, आजकाल लक्ष ठेवावं लागतं. मी त्याच्या कानाखाली ओढायला हवी होती. निदान इतकं तरी म्हणायला हवं होतं, की अरे शहाण्या, हे माझ्या मित्राचं फडकं आहे, खाली इंजिनाचा कट्टा आहे, घरी जाऊन पोहे खा. मी काय केलं? हसलो. म्हणालो, छे छे, कुणी पोरांनी लावलं असेल, काढतोच. आणि त्याच्यासमोर काठीसकट उपटलं.

पुण्यात पडीक प्लॉटवर गाजरगवत आणि देव आपोआप उगवतात, हा विनोद मीच तुला ऐकवलेला. पलीकडच्या कोपऱ्यावर कुणीतरी दगडाला शेंदूर फासला, आता तिथं पत्र्याचं छप्पर आहे, आरती आहे, आणि त्यावर आपण दोघं हसलो होतो. त्या शेंदराला माकडटोपीवाल्यानं कधी हटकलं नसणार. आणि मी? फडकं लाल असतं तर माझा हात त्या काठीकडे गेला असता का, असं मी स्वतःला विचारून विचारून दमलो. नसता गेला. पार्टी येईल, हे बघेल, नको ती भानगड म्हणून निघून जाईल, रणजितचं काम बिघडेल, गावात चर्चा होईल. हे सगळं मनात यायला मला एक श्वास लागला. माझ्या रानात, माझ्या मित्रानं, माझ्या कामासाठी लावलेल्या काठीची मला लाज वाटली, रज्जाक. हे लिहिताना शाई वाळत नाहीये की डोळे, कळत नाही.

बदली काठी लावायची नाही असं मात्र मनात नव्हतं. एवढा हरामखोर नाही मी. गाडीत माझा लाल पंचा होता, तोच दुसऱ्या काठीला बांधणार होतो. काठी गाडीत टाकली, पंचा काढला, तेवढ्यात पार्टीचा फोन, लवकर निघालो होतो, रस्ता चुकलोय, न्यायला या. म्हटलं, कामरानला यायला अजून वेळ आहे, पाच मिनिटांत येतो. पाच मिनिटांचं काय होतं ते तुला सांगायला नको. चौकात त्यांची गाडी सापडली, त्यांना चहा हवा होता, मीही घेतला. परत आलो तर आवाज ऐकू आला. ट्रॅक्टरचा नाही, लोखंडाचा.

आणि तू विचारलंस तेव्हा ती काठी माझ्या गाडीच्या डिकीत होती. चार पावलांवर. मला वाटलं, आत्ता पार्टीसमोर, कामरान कळवळतोय त्याच्यासमोर कसं सांगू, संध्याकाळी सांगतो. संध्याकाळी वाटलं, उद्या. खर्च मी देतो म्हणालो, तू नाही म्हणालास, तेव्हा मला जरा रागच आला, म्हणजे बघ माणूस किती खाली जातो. मग तू स्वतःलाच दोष दिलास आणि माझी सुटका झाली. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण मला तेव्हा खवखवलंही नाही, हायसं वाटलं. सगळे तुझ्या वयाबद्दल बोलायला लागले आणि मी मूग गिळून बसलो. त्या दिवशी आधी तुटायला मी हवा होतो. मी पक्का राहिलो, आणि तू तुटलास.

तू मला माफ कर असं लिहायला हे पत्र घेतलं नाही. ते तुझं तू बघ. शुक्रवारी तो सासवडवाला येईल, त्याला चहा पाज आणि परत पाठव, एवढ्यासाठी लिहिलंय. मेंदूचा फोटो काढायचा असेल तर माझा काढा. पाकिटात सोबत एक तुकडा आहे. काठी मी करवतीनं दोन्हीकडून कापली, पण गाठ सोडली नाही, बांबूच्या कांड्यावर आहे तशीच आहे. दोन वेढे घालून शेपूट खालून काढायची ही तुझी गाठ शाळेत आमच्यातल्या एकालाही सुटायची नाही. कामरान, तो तुकडा अब्बांच्या हातात दे. काही सांगू नकोस, हा तोच का म्हणून विचारूही नकोस. त्यांची बोटं ओळखतील. आणि रज्जाक, पाकीट कामरानच्या हातात देऊन मी घरी गेलेलो नाही. खाली किराणावाल्याच्या फळीवर बसलोय. खिडकीतून हाक मारलीस तर वर येईन, भाभींसमोर, पोरांसमोर तू म्हणशील ते ऐकून घेईन. नाही मारलीस, तर आणखी एक हिंगाची डबी घेऊन घरी जाईन.

तुझाच, अजून ठेवलास तर,
बज्या